आरोप सातविणीवर

ऑक्टोबर उजाडला की पुण्यात सातवीण फुलते आणि तिच्याबरोबर तक्रारींनाही बहर येतो. दिवेलागणीनंतर तो गोड, जड वास गल्लीभर पसरतो, आणि ज्यांची नाके आधीच चोंदलेली असतात ती मंडळी खिडक्या लावून घेत त्या झाडाच्या नावाने बोटे मोडू लागतात. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत या झाडांची रांगच आहे. दिवाळीच्या सुमारास कोणी ना कोणी सह्यांचा कागद फिरवतो: झाडांमुळे लहान मुलांना शिंका येतात, ज्येष्ठांना दम लागतो, सबब महापालिकेची परवानगी काढून झाडे तोडावीत, निदान पार छाटून टाकावीत. या कागदावर सही न करणाऱ्यांत मी असतो आणि सकाळी सर्वांत जास्त शिंकणाऱ्यांतही मीच असतो, त्यामुळे माझी भूमिका शेजाऱ्यांना अंमळ विचित्र वाटते.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. शिंका खऱ्या आहेत, डोळ्यांची खाज खरी आहे, रात्री नाक बंद झाल्यामुळे तोंडाने श्वास घेऊन कोरडा पडणारा घसा खरा आहे. माझे म्हणणे एवढेच की आरोपीच्या पिंजऱ्यात भलत्यालाच उभे केले आहे. ज्याचा वास येतो आणि जे डोळ्यांना दिसते त्याच्यावरच आपण संशय घेतो. नाकाला खरोखर छळणाऱ्या बहुतेक गोष्टींना मात्र ना वास असतो, ना त्या दिसण्याइतक्या मोठ्या असतात. सातविणीची फुले कीटकांना बोलावण्यासाठी घमघमतात. असा खर्च करणाऱ्या झाडाचे पराग मुख्यतः किड्यापाखरांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात. वाऱ्यावर स्वार होऊन घराघरांत शिरणे हा त्यांचा धंदा नव्हे. तिच्या उग्र वासाने आधीच सुजलेले नाक अधिक चिडते, डोके दुखते, हे मान्य करायला हवे. परंतु नाक सुजवण्याचे काम त्या वासाच्या आधी दुसऱ्याच कोणीतरी केलेले असते.

वासावर आळ घेण्याची ही खोड जुनी आहे आणि ती केवळ आपलीच नाही. १८१९ साली लंडनमधील जॉन बॉस्टॉक या वैद्यकाने स्वतःला लहानपणापासून दर उन्हाळ्यात छळणाऱ्या शिंका, डोळ्यांची आग आणि छातीचा त्रास यांचे तपशीलवार वर्णन वैद्यकांच्या सभेत मांडले, आणि दोष दिला तो उन्हाच्या तापाला. लोक तेव्हा वाळत्या गवताच्या सुवासाला बोल लावत असत. त्यातूनच ‘हे फीवर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, हे नाव रूढ झाले, वास्तविक त्यात ताप नसतो. पुढे मँचेस्टरमधल्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने, तोही त्याच दुखण्याचा धनी असल्याने, एकेका संशयिताला बोलावून त्याची झडती घेतली. गवताला सुवास देणारे कुमारिन त्याने हुंगून पाहिले, ओझोन हुंगला, ऊन आणि उजेड तपासला. शेवटी गवताचे पराग नाकात आणि ओरखडलेल्या कातडीवर लावून पाहिले, तेव्हा चोर सापडला. हवेत पराग किती उंचीवर असतात हे पाहण्यासाठी त्याने चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवले. हे सारे १८७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ज्याला आपण आज ॲलर्जी म्हणतो तो शब्द अजून जन्मायचा होता; तो १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला.

ब्लॅकलीचा पतंग पुण्याच्या ऑक्टोबरमध्ये उडवला तर त्या काचपट्टीवर काय चिकटेल? पावसाळा संपताना आपल्याकडची बहुतेक रानगवते तुऱ्यावर आलेली असतात आणि गवताचा पराग वाऱ्यानेच वाहतो. माळावर, टेकडीच्या उतारावर, रिकाम्या प्लॉटमध्ये, रेल्वेच्या रुळांकडेला जे पिवळट तुरे डुलताना दिसतात त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण त्यांना वास नाही आणि फूल म्हणावे असे रूपही नाही. एरंड आहे, राजगिऱ्याच्या कुळातली तणे आहेत. शेतात कापणी-मळणी चालू असते आणि वाळत्या धाटांवर वाढणाऱ्या बुरशीचे, विशेषतः अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या जातींचे, बीजाणू हवेत मिसळत असतात. थंडी सरता सरता, जानेवारी-फेब्रुवारीत, निष्पर्ण वावळाला बारीक हिरवट-तपकिरी फुले येतात. ती फुले आहेत हेच बहुतेकांना कळत नाही. पुढे कागदासारख्या चकत्यांची फळे रस्त्यावर उडू लागली म्हणजे मुले ती गोळा करतात. भारतातल्या परागजन्य ॲलर्जीच्या कारणांमध्ये वावळाचे नाव बरेच वर आहे, तरी वावळ तोडा असा अर्ज केल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

आणि काँग्रेस गवत. गाजराच्या पानांसारखी पाने असलेले, पांढरी फुले अंगभर मिरवणारे हे परदेशी तण भारतात पसरत असल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली झाली ती पुण्यातूनच. अमेरिकेकडून पी. एल. ४८० या अन्नमदतीच्या योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एकेक झाड हजारो बिया टाकते, शेजारी दुसरे काही उगवू देत नाही, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. १९८४ साली मेक्सिकोतून आणलेले, त्याची पाने खाणारे भुंगेरे बंगळूरजवळ सोडण्यात आले. ते पावसाळ्यात झाडाच्या पानांची चाळण करतात, पण गवत काही संपलेले नाही. शेतात ते हाताने उपटणाऱ्यांच्या हातांवर, मानेवर आणि पापण्यांवर चट्टे उठतात हे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. त्याचे पराग नाकालाही सोडत नाहीत ही गोष्ट मात्र तितकीशी पोहोचलेली नाही. आमच्या कुंपणाच्या बाहेर, सातविणीच्या मुळाशीच, ते कमरेइतके वाढते. सह्यांच्या कागदात त्याचा उल्लेख नसतो.

हवेचे एवढे सांगून झाल्यावर घरात यायला हवे, कारण ज्याच्या शिंका ऋतू न पाहता बाराही महिने चालतात, आणि त्याही पहाटे डोळा उघडताच सुरू होतात, त्याने झाडांचा नाद सोडून गादीकडे पाहावे. घरातल्या धुळीने नाक बिघडते हे ठाऊक होते, परंतु धुळीतले नेमके काय, याचे उत्तर १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दिले. तो एक आठ पायांचा जीव निघाला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. डॉक्टर त्याला डस्ट माइट म्हणतात. आपल्या अंगावरून सतत झडणारा कातडीचा कोंडा हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणून कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच तो सुखाने नांदतो आणि हवा कोरडी झाली की सुकून मरतो. तो चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेच्या सूक्ष्म गोळ्यांचा, ज्यांत प्रथिने पचवणारी द्रव्ये असतात. हे गोळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. हलवले की उडतात आणि अर्ध्याएक तासात पुन्हा बसतात. आता सकाळी उठल्याबरोबर पांघरुणाची झटकून घडी घालण्याची आपली शिस्त डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे पहाटेच्या शिंकांचा निम्मा उलगडा होतो. रात्रभर तोंड खुपसून झोपलेली उशी हा उरलेला निम्मा.

आमच्याकडे आजीच्या वेळची कापसाची गादी बरीच वर्षे होती. पिंजारी दारात येऊन धनुकलीची तार छेडू लागला की अंगणभर कापसाचा धुरळा होई, आम्हा मुलांना घरात कोंडले जाई आणि आजी नाकाला पदर लावून लक्ष ठेवी. आतला दाबलेला, काळपट कापूस पिंजून पांढरा होऊन बाहेर येताना त्यातून जे उडे ते पाहिले म्हणजे आपण कशावर झोपत होतो ते कळे. फोमच्या गाद्या आल्या, पिंजारी दिसेनासा झाला आणि गादी उघडून पाहण्याचा प्रसंगही गेला. फोमच्या गादीत हे किडे राहत नाहीत हा समज चुकीचा आहे. कातडीचा कोंडा आणि घामाचा ओलावा तिथेही मुरतोच, आणि तिला उन्हात टाकण्याइतकी जागा आता कोणाच्या गच्चीवर उरली आहे?

घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढण्याची’ आपली रीत या बाबतीत मला फार शहाणपणाची वाटते. पावसाळाभर ओल खाल्लेल्या गोधड्या, सतरंज्या, चादरी, घोंगड्या बाहेर काढायच्या, नदीवर किंवा विहिरीवर नेऊन आपटून धुवायच्या आणि कडक उन्हात दगडांवर पसरायच्या. उन्हाच्या तापाने आणि कोरडेपणाने किडे मरतात, आणि धुण्याने त्यांची घाण वाहून जाते. दोन्ही गोष्टी लागतात, कारण मेलेल्या किड्याचे अवशेषही तितकेच शिंकवतात. यंत्रात धुताना साठ अंश सेल्सिअसच्या जवळपास तापलेले पाणी असेल तरच किडे मरतात, गार पाण्याने ते पुष्कळसे जिवंत राहतात. या रिवाजात खोट इतकीच की माळ्यावरून ट्रंका उतरवणे, जाळी-जळमटे काढणे, कोपऱ्यातली ओलसर बुरशी खरवडणे हे सर्व काम नाकाला काहीही न बांधता केले जाते आणि ते करणारी बाई पुढचा आठवडा ‘सर्दीने’ आजारी असते. त्या सर्दीला ताप नसतो, अंगदुखी नसते, नाकातून पाण्यासारखे पातळ वाहते, टाळूला आणि कानाच्या आत खाज सुटते. विषाणूची सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आटोपते आणि तिच्यात खाज फारशी नसते, एवढा फरक लक्षात ठेवला तरी बऱ्याच घरांतल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाचतील.

माझी स्वतःची तपासणी झाली ती एका साध्या खोलीत, टेबलावर हात उताणा ठेवून. डॉक्टरीणबाईंनी कोपर ते मनगट पेनाने आडव्या खुणा करून आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी वेगळ्या अर्काचा एक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडीला रक्त येणार नाही इतपत टोचले. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता, त्याने काही व्हायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर स्वतःच सोडते त्या खाजऱ्या द्रव्याचा, त्याने गांध उठायलाच हवी. या दोघांच्या साक्षीने बाकीच्यांचा न्याय होतो. पंधरा-वीस मिनिटे खाजवायचे नाही अशी ताकीद होती, आणि ती पाळणे हाच या चाचणीतला खरा त्रास. हळूहळू काही आकड्यांपाशी कातडी फुगून पांढुरकी झाली, भोवती लाल कडे आले. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटरने किंवा त्याहून मोठी गांध असेल तर ती धरायची. डस्ट माइटची गांध हिस्टामिनलाही मागे टाकून पसरली होती. झुरळाच्या अर्कापाशीही गांध उठलेली पाहून घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करत नाही.

गांध उठली म्हणजे रोग ठरला असे मात्र नव्हे, आणि ही गोष्ट त्या बाईंनी मला चाचणीपेक्षा जास्त वेळ देऊन समजावली. गांधीचा अर्थ एवढाच की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन-ई या जातीची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवली आहेत. ही प्रतिद्रव्ये १९६६ साली डेन्व्हरमध्ये काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने शोधली. नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ती चिकटून बसतात. ओळखीचा कण आला की पेशी फुटते, हिस्टामिन सुटते आणि काही मिनिटांत शिंका, खाज, पाणी सुरू होते. चार-सहा तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात शिंका कमी आणि सूज जास्त, म्हणून सकाळची गादी दुपारी ऑफिसात बंद नाकाच्या रूपाने सूड उगवते. अँटिहिस्टामिनची गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते; दुसरीवर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा जास्त उपयोगी पडतो, पण त्याचा गुण यायला काही दिवस लागतात आणि ‘दोनदा मारला, काही झाले नाही’ म्हणून तो कपाटात जातो. फवारा मधल्या पडद्यावर न मारता कानाच्या दिशेने, बाहेरच्या भिंतीवर मारावा, नाहीतर पडदा कोरडा पडून रक्त येते; आम्हाला ही साधी गोष्ट सांगायला औषधाच्या दुकानात कोणाला सवड नसते. काही रुग्णांना त्याच त्रासदायक पदार्थाचा सूक्ष्म डोस टोचून किंवा जिभेखाली ठेवून शरीराला सरावाला लावतात. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी हा प्रयोग १९११ साली गवताच्या परागांवर प्रसिद्ध केला आणि आजही तो उपचार साधारण तीन वर्षे चिकाटीने घ्यावा लागतो. याउलट, रक्ताच्या एका नमुन्यावरून शेकडो खाद्यपदार्थांविरुद्धची इम्युनोग्लोब्युलिन-जी ही दुसऱ्याच जातीची प्रतिद्रव्ये तपासून लांबलचक यादी हातात देणाऱ्या महागड्या पॅकेजांवर माझा काडीइतका विश्वास नाही. ती द्रव्ये आपण काय खातो हे सांगतात, काय सोसत नाही हे नाही. नुसत्या नाकाच्या दुखण्याला अन्न क्वचितच कारण असते. तरीही आपल्याकडे दह्याला आणि केळ्याला पहिली शिक्षा होते.

सगळी शिंक ॲलर्जीची नसते, ही या विषयातली दुसरी गुंतागुंत. कोल्हापुरात मिसळीचा कट वाटीवर वाटी ओरपताना ज्यांचे नाक वाहते, त्यांना मिसळीची ॲलर्जी नसते. मिरचीतले कॅप्सायसिन तोंडातल्या आणि नाकातल्या जळजळ ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि नाक पाझरू लागते. त्यात प्रतिद्रव्यांचा संबंध नाही, म्हणून अँटिहिस्टामिनचा उपयोगही नाही. एसीच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात आल्यावर, उदबत्तीच्या, मच्छर अगरबत्तीच्या किंवा फोडणीच्या धुराने, अत्तराच्या फवाऱ्याने ज्यांची नाके चोंदतात त्यांच्यापैकी अनेकांच्या साऱ्या चाचण्या कोऱ्या येतात. त्यांचे नाक हळवे असते, एवढेच. सातविणीच्या वासाने बेजार होणारे काही जण या गटातले असणार, आणि त्यांच्यापुरता तो वास दोषी आहे हे मला नाकारता येत नाही. पण दोषी आहे तो वास, पराग नव्हेत, आणि त्यावर खिडकी लावणे हा कुऱ्हाडीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

उन्हाकडे पाहून येणाऱ्या शिंकेची तर मला गंमत वाटते. सिनेमागृहाच्या अंधारातून बाहेर पडताच लागोपाठ शिंकणारी माणसे एकाच घराण्यात सापडतात, कारण हा गुण आनुवंशिक आहे. डोळ्याची आणि नाकाची संवेदना नेणारे मज्जातंतू मेंदूशी जवळजवळ असल्याने एकाची खबर दुसऱ्याकडे झिरपत असावी असा तर्क आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३१ नासारोग सांगताना शिंकेची बाह्य कारणे मोजली आहेत: तीक्ष्ण पदार्थ, उग्र वस्तू फार हुंगणे, नाकात सुतासारखे काही घालणे, आणि सूर्याकडे पाहणे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने तर अडकलेली शिंक मोकळी करण्याच्या उपायांत सूर्यदर्शन दिले आहे. शिंक दाबू नये हेही आयुर्वेदात वेगांच्या, म्हणजे अडवू नयेत अशा शारीरिक आवेगांच्या, यादीत बजावलेले आहे. कामाला निघताना कोणी शिंकले म्हणून दोन पावले मागे फिरणाऱ्या आपल्या समाजात शिंकेकडे इतक्या कोरड्या नजरेने पाहणारी परंपराही होती, याचे मला बरे वाटते.

मग येते ते ‘नाकाचे हाड’. महाराष्ट्रात नाकाची कोणतीही जुनी तक्रार शेवटी हाड वाढण्यावर जाऊन थांबते. नाकाच्या मधला पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो आणि तो थोडाफार वाकडा नसलेला माणूस विरळा. फार वाकडा असेल तर एक बाजू कायम अडते आणि शस्त्रक्रियेने ती मोकळी होते. परंतु शस्त्रक्रियेने शिंका थांबत नाहीत, खाज थांबत नाही, कारण अस्तराचा स्वभाव तोच राहतो. माझ्या नात्यातले एक काका पडदा सरळ करून आले आणि श्वास छान लागतो म्हणून आता जास्त जोरात शिंकतात. पुष्कळदा ज्याला वाढलेले हाड किंवा मांस म्हटले जाते ते बाजूच्या भिंतीवरून आत झुकलेल्या टर्बिनेट नावाच्या वळ्या असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, फुगणाऱ्या आणि ओसरणाऱ्या. निरोगी माणसातही एका बाजूची वळी फुगते तेव्हा दुसरी ओसरते आणि काही तासांनी पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिखार्ड कायझर यांनी हे चक्र १८९५ साली वर्णन केले. डाव्या नाकपुडीचा चंद्रस्वर आणि उजवीचा सूर्यस्वर सांभाळणाऱ्या आपल्या स्वरशास्त्र्यांना त्यात नवल वाटले नसते. तेव्हा कधी डावी, कधी उजवी अशी आलटून पालटून नाकपुडी बंद होत असेल तर त्यात हाडाचा काही हात नाही.

एकच बाजू सतत बंद राहत असेल तर मात्र थांबू नये. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत बहुधा मणी, चिंचोका किंवा स्पंजाचा तुकडा असतो, आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असेल तर काही तासांत आतले मांस जळते. मोठ्यांमध्ये एका बाजूचा अडथळा आणि रक्त, किंवा खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाण्याचे थेंब ठिबकणे, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, ही लक्षणे ॲलर्जीच्या खात्यात टाकून घरी बसण्यासारखी नाहीत. वास येणेच गेले असेल तर आत पॉलिप, म्हणजे द्राक्षांसारखे फिकट, न दुखणारे घोस वाढलेले असू शकतात.

औषधांनीही नाक बिघडते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, म्हणून ते उशीखाली जाऊन बसतात. पाच-सात दिवसांपलीकडे घेतले की थेंबाचा अंमल उतरताच सूज दुपटीने परतते, मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षे अशी बाटली खिशात बाळगणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या शिंकेचे मूळ कारण कधीच मिटलेले होते. प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅम्सुलोसिन, रक्तदाबाची काही औषधे, गर्भारपण, थायरॉइडची मंद गती यांनीही नाक चोंदते. ज्येष्ठांच्या बाबतीत गोळ्यांचा डबा उघडून पाहिल्याखेरीज सोसायटीतल्या झाडांकडे बघू नये.

वाफेत टाकलेली निलगिरी, रुमालाला लावलेला कापूर, मेन्थॉलची डबी यांविषयी माझे मत थोडे वाईट आहे. मेन्थॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या तंतूंना फसवते. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण हवेचा प्रवाह मोजला तर तो तेवढाच असतो. इथेही पुन्हा वासच! रात्री झोप लागण्यापुरता तो दिलासा घ्यावा, उपचार समजू नये. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणे पुष्कळ बरे, कारण त्यात पराग आणि धूळ प्रत्यक्ष वाहून जातात. हठप्रदीपिका या योगग्रंथात सांगितलेली नेती, म्हणजे नाक साफ करण्याची क्रिया, सुताची आहे. जलनेती आपल्याकडे अनेक जण योगवर्गांत शिकतात, आणि १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामाने अशा क्रियांकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची सवय लावली. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, आणि पाणी उकळून गार केलेलेच. नळाचे पाणी थेट वापरू नये. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने दगावले.

कारण सापडले म्हणजे सुटका झाली असे ज्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही, त्यांच्यापैकी एक आमचे गिरणीवाले मामा. मी दळण घेऊन जातो तेव्हा ते भुवयांपर्यंत पांढरे झालेले असतात. गिरणी चालवणाऱ्यांना आणि भट्टीवाल्यांना पिठाने होणाऱ्या त्रासाची नोंद इटलीतले वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच केली होती, आणि गव्हाच्या पिठाची ॲलर्जी हा आता मान्य झालेला धंद्याचा रोग आहे. मामांना कोणत्याही चाचणीची गरज पडली नाही. गिरणीच्या साप्ताहिक सुट्टीला नाक मोकळे, गावच्या जत्रेला चार दिवस गेले की औषधाविना आराम, आणि परत येऊन पट्टा फिरला की पहिल्याच पायलीला शिंका. इतका स्वच्छ पुरावा मला माझ्या गादीविरुद्धही मिळाला नव्हता. अशा माणसांत नाकाची तक्रार बहुधा दम्याच्या आधी सुरू होते, म्हणून रात्रीचा खोकला आणि छातीतली शीळ यांकडे लक्ष ठेवायला डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. गिरणी बंद करणे त्यांना परवडणारे नाही. आता जात्याजवळ मुलगा उभा राहतो आणि मामा दाराशी वजनकाट्यावर बसतात. मागच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला आहे, फडक्याऐवजी एन-९५ मास्क आला आहे, झाडू मारण्याआधी फरशीवर पाणी शिंपडले जाते. मिरची आणि हळद कांडायचे यंत्र त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले असून उन्हाळ्यात मसाल्याची गर्दी असते तेवढे दोन महिने ते तिकडे फिरकत नाहीत. यंदा कागदावर त्यांचीही सही मागायला आमच्या सोसायटीतले दोघे गेले होते, कारण गिरणी सातविणीच्या अगदी समोर आहे. मामांनी त्यांना दळणाच्या रांगेत उभे केले आणि सांगितले की शिंका आल्या तर झाडाकडे बघू नका, जरा मागे सरका.